पहिली तार चढवताना

पास्कू, तुझ्या पेटीवर मूठभर माती टाकताना माझ्या मनात काय आलं, ते आधी सांगून मोकळा होतो. 'आता माझी पहिली तार कोण चढवणार?' एवढंच आलं. फादर प्रार्थना म्हणत होते, तुझा भाऊ दुमिंग तुमच्या आईला, मावशीला, धरून उभा होता, अख्खी गोराई रडत होती, आणि मी घाबरलो होतो. दुःख मागाहून आलं, आधी भीतीच आली. माझं सगळं असंच असतं, हे तुला नवं नाही.

आठ वर्षं झाली मी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. हळदी, लग्नं, गणपतीचे मांडव, काही सोडलं नाही. पोरं पुढे येऊन नाचतात, म्हातारे कानावर हात ठेवतात, आणि या एवढ्या मोठ्या गिटारवाल्याला स्वतःच्या गिटारची सगळ्यात बारीक तार ताणता येत नाही, हे जगात फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं. जाड्या पाच तारा मी लावायचो. पहिलीची वेळ आली की तुला निरोप जायचा. तू एका तारेसाठी खाडी ओलांडून बोरीवलीला यायचास, आमच्या बाहेरच्या खोलीत खाटेवर बसायचास, आणि मी गिटार तुझ्या मांडीवर ठेवून दार लोटून घ्यायचो आणि बिल्डिंगच्या जिन्यावर जाऊन बसायचो. कानांत बोटं घालून. तरी ऐकू यायचं. चावी कुरकुरायची, तार चिरकत वर वर जायची, आणि तू तिच्याशी बोलायचास, "चढ गो बाय, चढ. काय नाय होत. चढ." होडीत पाय टाकायला बिचकणाऱ्या पाहुणीला हात द्यावा, तसा तुझा आवाज.

मग दार उघडून म्हणायचास, "ये रे वाघा, आत ये."

माझी आई तोवर ताट घ्यायची. बांगड्याचं तिखलं, भात, कधी सोलकढी. तू एकदाही बसला नाहीस. "नको काकी, घरी आय वाट बघते," म्हणून चपला घालायचास. आईला ते लागायचं. तू गेलास की भांडी आदळत म्हणायची, "आमच्या हातचा जेवक जमना नाय वाटता त्याका." मी म्हणायचो, अगं त्याची शेवटची होडी असते. चार वाजता कसली शेवटची होडी, असं तिनं कधी विचारलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही.

गिटार खरं तर तुझीच. बोटीवर खानसामा असलेल्या तुझ्या काकानं जपानहून आणलेली, लाल, एका बाजूला टवका उडालेली. अंधेरीच्या कारखान्यात तू पत्रे दाबायच्या प्रेस मशीनवर होतास, मी स्टोअरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत तू मला वहीच्या पुठ्ठ्यावर सहा रेघा मारून बोटं ठेवायला शिकवायचास. मग एका दुपारी प्रेस खाली आला आणि तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तीन महिन्यांनी तू गिटार घेऊन आमच्या दारात उभा. "तू वाजव. मी तारा लावून देतो." मी एकदा नको म्हणालो, दुसऱ्यांदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही, कारण तू खरंच परत नेशील अशी मला धास्ती वाटली. इतकी मला ती हवी होती. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक सांगायची गरजही नव्हती.

आणि माझी भीती कुठून आली, तेही तुझ्याच ओसरीवरून. चांगल्या तारा तेव्हा मिळायच्या कुठे? काकाची बोट लागली तर मिळायच्या. म्हणून तू जुन्या तारा काढून मावशीच्या टोपात उकळायचास. मळ, घाम, गंज सगळं पाण्यात, आणि तारा पुन्हा झकास वाजायच्या. मावशी बोंबलायची, "माज्या टोपात कालवन करू का तुज्या तारा शिजवू?" त्या दिवशी मी दोनदा उकळलेली पहिली तार ताणत होतो. तू म्हणालास, बस्स आता. मी म्हणालो, अजून थोडी. आणि ती तुटली. आवाज झाला तो नंतर कळला, आधी डाव्या डोळ्याखाली गरम काहीतरी वाहिलं. अजून पांढरी रेघ आहे तिथे. आईनं ती जखम बघून तोंडाला पदर लावला. "बोटभर वर गेली आसती तर?" म्हणाली. ते 'बोटभर वर' माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. तेव्हापासून पहिल्या तारेच्या चावीवर हात ठेवला की माझा डोळा आपोआप मिटतो आणि मानेत गोळा येतो.

तू किती चिडवलंस मला! मी स्टोअरमधून वेल्डिंगचा काळा चष्मा आणला तर तू जमिनीवर लोळून हसलास. "तार लावतोस का जहाज जोडतोस?" आणि चष्मा लावून मला चावीच दिसेना, तेव्हा तर तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पण त्या हसण्यामागे आपला एक वाद होता, तो कधीच मिटला नाही. तू म्हणायचास, तोंड फिरवू नकोस, समोर बघ, भीती सवयीनं जाते. मी म्हणायचो, जात नाही. "मला बघ," तू म्हणायचास, "माझी तर दोन बोटं गेली. मला वाटते का?" आठ वर्षं तू या एका वाक्यावर जिंकत आलास.

तुला 'तार आली' आठवतं का? नाही कसं आठवणार. काकाची बोट लागली, नव्या तारांचं पाकीट आलं आणि तू उत्साहाच्या भरात आमच्या शेजारच्या कांताबेनच्या फोनवर निरोप ठेवलास, "सुरेशला सांगा, तार आली." कांताबेननी तो जसाच्या तसा आमच्या आईला दिला. झालं! आमच्या घरात तार म्हणजे एकच, मालवणहून येणारी. मी कामावरून आलो तर दारात चपलांचा ढीग, आई जमिनीवर बसून, "मामंजी गेले रे, तार इली!" आणि बाबा एसटीचं रिझर्वेशन करायला गेलेले. ती तार ही नव्हे, हे समजावता समजावता माझा घसा बसला. आजोबांना कळलं तेव्हा त्यांनी पत्रात लिहिलं, 'माझी तार मी स्वतः करीन, कोणी घाई करू नये.' तू आईची माफी मागायला खास आलास, कान धरून उभा राहिलास. आईनं तुला लाटणं दाखवलं आणि मग चहा दिला. चहा मात्र प्यायलास.

मग तुला कावीळ झाली. आधी गावातलं औषध, मग बोरीवलीचं हॉस्पिटल, दुसरा मजला. पहिल्या वेळी मी आलो होतो. तुझ्या पिवळ्या डोळ्यांकडे मी बघतोय हे ओळखून तू म्हणालास, "शेवटी हळद लागली बघ मला. आता नवरी तेवढी शोधा." मी हसलो. बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून किती वेळ उभा राहिलो ते मलाच ठाऊक.

आठवड्यानं दुमिंगचा फोन आला, पुन्हा कांताबेनकडेच. तू निरोप पाठवला होतास. गिटार घेऊन ये, नवं पाकीट माझ्या उशीखाली आहे, रविवारी तुझा कार्यक्रम आहे ना, इथंच बसल्या बसल्या चढवून देतो. अरे, तुझ्या हाताला सुई, पोटात पाणी, आणि तुला माझ्या रविवारची काळजी!

आता जे सांगतोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी आलो होतो, पास्कू. दुपारी चारच्या भेटायच्या वेळेला, गिटार पाठीला लावून. फाटकातून आत आलो, जिन्यापाशी आलो, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वरून एक बाई उतरत होती, तिच्या हातात कुणाच्या तरी चपला होत्या. नुसत्या चपला. बाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, काही नव्हतं. मला तेवढं पुरलं. मानेत तोच गोळा आला, डोळा मिटला. वर तुला सलाईन चढवत होते आणि मला एक जिना चढवेना. वळलो आणि सरळ घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुमिंगला सांगितलं, वॉचमननं गिटार आत नेऊ दिली नाही. रविवारी मी जुन्याच तारेवर कार्यक्रम केला. त्यानंतर दोन दिवसांनी मी कामावरून घरी आलो तर कांताबेन आमच्याकडे बसलेल्या. त्या माझ्याकडे बघेनात, एवढंच म्हणाल्या, "गोराईहून फोन होता. लगेच बोलावलंय." आणि आई आतून हसत म्हणाली, "तार इली आसतली तुझी."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. तो क्षण मी विसरू शकत नाही.

मातीच्या दिवशी मावशीनं माझा हात धरून ठेवला होता. म्हणाली, "म्हयन्याच्या मिस्सेला त्याची गिटार वाजव. त्याचं पाकीट माज्याकडं हाय. हितं येऊन लाव, माज्यासमोर." चर्चमधल्या तुझ्या त्या प्रार्थनेत वाजवायला मी मान हलवली. महिनाभर ती हलवलेली मान माझ्या गळ्यात फास होऊन बसली होती. कामावर स्टोअरमधले नग मोजताना चुकायचो. दुसऱ्या कुणा गिटारवाल्याकडून तार लावून घ्यावी असंही मनात आलं, पण पाकीट मावशीकडे होतं आणि शब्दही तिलाच दिला होता. जुनीच तार ठेवावी म्हटलं, तर परवा रियाजात हात लावताच ती कुजल्या दोऱ्यासारखी तुटून आली. पळायला जागाच उरली नाही.

उद्या मिस्सा आहे. म्हणून आज रजा टाकून सकाळच्या होडीनं गेलो. होडीवाल्यानं गिटार ओळखली, "पास्कूची ना?" म्हणाला आणि पाणी उडेल म्हणून स्वतःच्या डोक्याचा टॉवेल तिच्यावर टाकला.

मावशी ओसरीवर बसून मासळी साफ करत होती. हात धुऊन आत गेली आणि मायमरियेच्या तसबिरीमागून पाकीट काढून आणलं. एक कोपरा दुमडलेला होता, उशीखाली राहून. आत पहिल्या तारा दोन होत्या, कारण तुटते ती पहिलीच, हे तुझ्या काकालाही माहीत. मी एक सोडवली, खालच्या पुलाच्या, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीच्या, भोकातून ओवली, वर चावीला दोन वेढे दिले. टोक तीनदा निसटलं. मावशी समोर पाटावर बसून बघत होती.

"मावशी, जरा मागे सर ना."

"कशाला?"

"तुटली तर लागेल तुला."

ती हलली नाही. म्हणाली, "तो पन असाच घाबरायचा."

मी म्हटलं, "कोण?"

"कोन म्हंजे? पास्कू." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, हातातल्या पाकिटाचा कोपरा सरळ करत. "तुजी तार लावून आला का त्या दिवशी जेवायचा नाय. मी म्हनायची, जेव रे. तो म्हनायचा, सुऱ्याकडं जेवून आलो. मंग मी ताट झाकून चुलीजवल ठेवायची. मना काय कलत नाय? हात बघायची ना मी त्याचे. पानी प्यायला गेला तर गिलासातून सांडायचा. सांगायचा, आय, ती तार तानली का मशीन खाली यायच्या आदीचा आवाज येतो."

अरे पास्कू! आमच्याकडे म्हणालास घरी जेवतो, घरी म्हणालास सुऱ्याकडे जेवलो. दोन आयांना फसवलंस आणि उपाशी झोपलास. आठ वर्षांत किती तारा चढवल्यास तू माझ्या? मी जिन्यावर कानांत बोटं घालून बसायचो तेव्हा आत तू एकटा, तीन बोटांच्या हातानं ती तार धरून, तोच आवाज ऐकत बसायचास. आणि ते 'चढ गो बाय, काय नाय होत', ते तारेला नव्हतंच. ते तू स्वतःला सांगत होतास. आणि वर मला म्हणायचास, 'मला वाटते का?' खोटारड्या! आपला वाद मी जिंकलो. सवयीनं भीती जात नाही. असलं जिंकणं कुणाला हवं होतं?

राग आला मला तुझा. त्या रागातच चावी फिरवली. तोंड फिरवलं नाही, समोर बघत राहिलो. तार चिरकत वर गेली, अजून वर, दुसऱ्या तारेच्या पाचव्या पट्टीच्या सुराजवळ, जिथं तिनं थांबायचं तिथं, आली, आणि तुटली.

मनगटावर एक लाल रेघ उठली. रक्ताचे दोन थेंब. मावशीनं पदरानं पुसले. तेवढंच. ज्याला आठ वर्षं घाबरलो ते हे एवढंच होतं. माझ्या तोंडून हसू फुटलं आणि त्याचं रडू कधी झालं ते मला कळलं नाही, कारण मला तो जिना आठवला. दोन मजले, पास्कू. वर काय झालं असतं? तू पिवळा दिसला असतास. काहीतरी टवाळी केली असतीस. मनगटावर एक रेघ उठली असती, एवढंच.

"मावशी, वॉचमननं नव्हतं अडवलं मला," मी म्हणालो. "कुणीच नव्हतं अडवलं."

"मना म्हाइत हाय."

"कसं काय?" मी विचारलं.

"त्याची खाट खिरकीला होती ना. चार वाजल्यापासून बाहेर बघत बसलेला. मना म्हनाला, आय, सुऱ्या आला, गिटार घेऊन आला बघ. मंग म्हनाला, गेला." मावशीनं दुसरी तार पाकिटातून काढून माझ्या हातात दिली. "मी म्हटलं, बोलवू का दुमिंगला त्याच्या मागं? तं म्हनाला, नको. घाबरला असंल. मी बरा झालो का मीच जाईन चढवायला."

तू मला येताना पाहिलंस आणि वळतानाही पाहिलंस. माझी पाठ ही तू पाहिलेली माझी शेवटची गोष्ट. पाठ आणि तिच्यावर तुझी गिटार. माफ कर असं म्हणायलाही मला जीभ उचलत नाही, कारण तू केलेलं आहेस, मी मागायच्या आधीच, त्याच खिडकीतून. ते जास्त जड आहे.

दुसरी तार मी चढवली. घाबरलो नाही असं अजिबात नाही. जास्तच घाबरलो, कारण आता तिसरी नव्हती. तुझे ते शब्द मला म्हणता येईनात. मावशीनंच म्हटले, हळू आवाजात, "चढ गो बाय, चढ." कुणाला म्हणाली देव जाणे. तार सुरावर येऊन थांबली. मी उरलेलं टोक पकडीनं कापलं आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली. छान वाजते आहे. उद्या वाजवीन.

मग मावशीनं ताट वाढलं. भात, बोंबलाचं कालवण, लिंबाची फोड. मी भात कालवला, घास उचलला, आणि तो तोंडापर्यंत जाईना. पाणी प्यायला गेलो तर पेल्यातून सदऱ्यावर सांडलं. मावशी माझ्या हाताकडे बघत होती. जेव रे, असं ती म्हणाली नाही. तिनं ताट माझ्यासमोरून ओढून घेतलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि चुलीजवळ, नेहमीच्या जागी नेऊन ठेवलं.